'प्रेशर नॉर्मल': एका अर्ध्या तपासणीचं परीक्षण

म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातली खरेदी आटोपून कोणी चष्म्याच्या दुकानात शिरला, की पंधरा मिनिटांत दोन कागद हातात घेऊन बाहेर पडतो. एकावर चष्म्याचा नंबर, दुसऱ्यावर पावतीच्या गुळगुळीत कागदावर छापलेले डोळ्यातल्या दाबाचे आकडे: उजवा १६, डावा १७. शेजारी पेनाने लिहिलेलं असतं, 'प्रेशर नॉर्मल'. पणजी, फोंडा, मडगाव, डिचोली, कुठेही जा, ही सेवा आता सहज मिळते. देवळाच्या सभामंडपात किंवा पंचायतघरात भरणाऱ्या शिबिरांत तर फुकट मिळते. चिठ्ठी पाकिटात जाते आणि 'आपल्याला काचबिंदू नाही' अशी घरात समजूत होते.

याच सेवेचं हे परीक्षण आहे. कुठल्याही दुकानाचं किंवा दवाखान्याचं नाव त्यात नाही, कारण यंत्रं सगळीकडे त्याच पाच-सहा जातींची असतात. फरक पडतो तो यंत्रामागे बसलेल्या माणसाने किती वेळ दिला यामुळे, आणि तो माणूस बदलत राहतो. आमचं मत आधीच सांगून टाकतो: हवेच्या यंत्रावरचा आकडा सुरुवात म्हणून चांगला आहे, निर्वाळा म्हणून कुचकामी. काचबिंदू हा डोळ्यामागच्या नसेचा आजार आहे आणि त्या चिठ्ठीसाठी नस कोणी पाहिलेलीच नसते.

आधी यंत्राबद्दल, कारण त्याला नावं ठेवण्याआधी त्याचं श्रेय द्यायला हवं. हवेचा झोत सोडून प्रेशर मोजण्याची पद्धत १९७२ साली अमेरिकेत आली. हनुवटी टेकवायची, आतल्या दिव्याकडे पाहायचं, फट्कन हवा येते. सेकंदाच्या काही हजाराव्या भागात तो झोत डोळ्याच्या पुढच्या पारदर्शक पडद्याला, म्हणजे कॉर्नियाला, किंचित सपाट करतो. तो सपाट व्हायला किती जोर लागला यावरून यंत्र आतला दाब काढतं. डोळ्याला काही टेकत नाही, बधिर करणारे थेंब लागत नाहीत, जंतू एकाकडून दुसऱ्याकडे जाण्याचा धोका कमी. शंभर माणसांच्या शिबिरात याहून सोयीचं काही नाही.

चूक होते ती घाईमुळे. डोळ्यातला दाब नाडीच्या प्रत्येक ठोक्याबरोबर दोन-तीन मिलिमीटर पारा वर-खाली होतो. हवेचा झोत इतका क्षणिक असतो, की तो ठोक्याच्या शिखरावर लागला की खळग्यात, हे कोणाच्या हातात नसतं. म्हणून प्रत्येक डोळ्याला किमान तीन झोत आणि त्यांची सरासरी, हा नियम आहे. गर्दीच्या दिवशी एकावरच भागवलं जातं. तुमच्या चिठ्ठीवर प्रत्येक डोळ्यापुढे एकच आकडा असेल आणि सरासरीची ओळ नसेल, तर पुन्हा मोजून मागा. तीन आकडे १४, १५ आणि २२ असे आले, तर २२ फेकून द्यायचा आणि आणखी एक झोत घ्यायचा. पहिल्या झोताला माणूस दचकतो, पापण्या आवळतो, आकडा उगाच चढतो.

बसण्याची पद्धतही आकड्यात उतरते. वरचं बटण लावलेली घट्ट कॉलर, टाय, रोखून धरलेला श्वास, पोट आड येतंय म्हणून ताणून पुढे केलेली मान, यातल्या कशानेही दाब वाढतो. पापणी उघडी धरणाऱ्या मदतनिसाचा अंगठा बुबुळावर दाबला गेला तर सर्वांत जास्त. पापणी धरायचीच असेल तर वरच्या हाडावर रेटून धरायची, गोळ्यावर नाही. कॉन्टॅक्ट लेन्स काढून ठेवायची. तपासणीआधी घटाघट लिटरभर पाणी पिऊन जाऊ नये, त्याने दाब तात्पुरता चढतो. शीर्षासनात तर डोळ्यातला दाब जवळजवळ दुप्पट होतो, हे मोजून पाहिलेलं आहे. गोव्यात योगवर्गांची कमी नाही आणि तिथल्या प्रवेश-अर्जावर मणक्याबद्दल, रक्तदाबाबद्दल विचारतात. काचबिंदूबद्दलही विचारायला हवं.

वेळेचा मुद्दा आपल्याकडे विशेष लागू पडतो. निरोगी डोळ्यातही दिवसभरात तीन ते सहा मिलिमीटरचा फरक पडतो. काचबिंदूच्या डोळ्यात तो दहाच्या पुढे जाऊ शकतो. बहुतेकांचा दाब पहाटे, आडवं असताना किंवा उठल्या-उठल्या सर्वाधिक असतो. दुकान उघडतं साडेनऊला, दुपारी एकला बंद होऊन चारला पुन्हा. म्हणजे शिखर नेहमीच हुकतं. एकदा सकाळी दुकान उघडताच आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळी असे दोन वेळचे आकडे घेतले, प्रत्येकासमोर वेळ लिहिली, तर त्या दोन चिठ्ठ्या एका चिठ्ठीपेक्षा बरंच काही सांगतात. वेळ न लिहिलेला आकडा आम्ही अर्धाच धरतो.

आता त्या 'नॉर्मल' शब्दाकडे. दहा ते एकवीस म्हणजे ठीक, एकवीसच्या वर म्हणजे वाईट, ही रेघ आली कुठून? हजारो माणसांची प्रेशर मोजली तर सरासरी पंधरा-सोळाच्या आसपास येते. तिच्यापासून दोन्ही बाजूंना ठरावीक अंतर मोजलं, की वरचं टोक एकवीसवर पडतं. ही गणिताची रेघ आहे. नसेला ती माहीत नसते. भारतात घरोघरी जाऊन केलेल्या पाहण्यांत ज्यांना काचबिंदू निघाला, त्यांच्यातल्या मोठ्या हिश्शाचं प्रेशर त्या दिवशी एकवीसच्या आतच होतं. उलट बाजूही तितकीच बोलकी आहे. २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अमेरिकी अभ्यासात २४ ते ३२ प्रेशर असलेली, पण नस शाबूत असलेली माणसं घेतली. उपचार न दिलेल्यांपैकी पाच वर्षांत ९.५ टक्के जणांना काचबिंदू झाला, दाब उतरवणारे थेंब घेणाऱ्यांपैकी ४.४ टक्के जणांना. म्हणजे थेंबांनी धोका निम्म्यावर आणला हे खरं, आणि उपचार न घेता नव्वद टक्के तेवढ्या काळात निभावले हेही खरं. एकट्या आकड्यावर घाबरणंही चूक आणि निश्चिंत होणंही.

मग दाब नसेला करतो तरी काय? डोळ्याच्या आत, भिंगाभोवतीच्या पेशी मिनिटाला दोन-अडीच मायक्रोलिटर पाणी तयार करतात. अश्रूंशी याचा संबंध नाही. हे पाणी बाहुलीतून पुढे येतं आणि बुबुळाच्या कडेला, कॉर्निया व रंगीत पडदा जिथे मिळतात त्या कोनातल्या बारीक जाळीतून बाहेर झिरपतं. जाळी तुंबली की आवक तीच, जावक कमी, दाब वाढतो. दाब गोळ्यात सगळीकडे सारखाच पसरतो. पण गोळ्याची भिंत सगळीकडे सारखी नसते. मागच्या बाजूला दृष्टिपटलावरचे दहा-बारा लाख तंतू गोळा होऊन नस म्हणून बाहेर पडतात, तिथे भिंतीला भोक आहे. त्या भोकावर एकावर एक रचलेल्या चाळण्यांसारखा पडदा ताणलेला असतो आणि तंतूंचे जुडगे चाळणीच्या भोकांतून जातात.

पुढून डोळ्यातला दाब, मागून मेंदूभोवतालच्या पाण्याचा दाब. पुढचा जास्त झाला की चाळणी मागे वाकते, भोकं तिरकी होतात आणि आतले तंतू दाबले जातात. तंतू नुसती तार नाही, त्यातून मालाची ने-आण चाललेली असते. मेंदूकडून येणारी पोषक द्रव्यं त्याच वाटेने दृष्टिपटलातल्या पेशीपर्यंत पोचतात. वाट चिमटली की पेशी उपाशी पडून मरते. शिवाय चाळणीच्या जाळीतूनच बारीक रक्तवाहिन्या जातात, त्यांचाही प्रवाह घटतो. मेलेला तंतू पुन्हा उगवत नाही, म्हणून काचबिंदूत गेलेली नजर कोणत्याही शस्त्रक्रियेने परत येत नाही. मोतीबिंदूच्या शस्त्रक्रियेनंतर सगळं लख्ख दिसू लागलेले शेजारी ज्यांनी पाहिलेत, त्यांना हे पटवून देणं जड जातं.

चाळणीची वरची आणि खालची भोकं मोठी, त्यांच्यामधल्या भिंती पातळ. म्हणून तंतू आधी वर-खाली तुटतात आणि नजर जाते ती कमानीच्या आकारात, बहुधा नाकाच्या बाजूने सुरू होऊन. मधली नजर शेवटपर्यंत टिकते. चष्म्याच्या दुकानातल्या तक्त्यावरची सगळ्यात खालची ओळ घडाघडा वाचणाऱ्या माणसाचा काचबिंदू बराच पुढे गेलेला असू शकतो. नजरेचा नकाशा काढणाऱ्या नेहमीच्या यंत्रावर नजरेतला पहिला डाग दिसतो, तेव्हा साधारण चौथा ते तिसरा हिस्सा पेशी गेलेल्या असतात.

आता एकवीसच्या आतलं प्रेशर काहींना का बाधतं हेही कळेल. कोणाची चाळणी मुळातच लेची, कोणाचा रक्तपुरवठा तोकडा. नसेला मिळणारं रक्त म्हणजे रक्तदाबाचा जोर वजा डोळ्यातला दाब. रक्तदाबाची गोळी रात्री झोपताना घेतली आणि रात्री रक्तदाब फार उतरला, तर प्रेशर १५ असूनही नस उपाशी राहू शकते. 'प्रेशरची गोळी चालू आहे' एवढंच डोळ्याच्या डॉक्टरांना सांगू नका. गोळीचं नाव आणि वेळ सांगा. वेळ मात्र स्वतःच्या मनाने बदलू नका. (रक्तदाब आणि डोळ्याचं प्रेशर हे दोन वेगळे दाब आहेत. एक नॉर्मल म्हणून दुसरं नॉर्मल असं नाही. आपल्याकडे दोन्हींना 'प्रेशर'च म्हणतात, त्यामुळे हा घोळ रोज होतो.)

दुकानाच्या चिठ्ठीपुढची पायरी म्हणजे डोळ्याच्या दवाखान्यातलं, सूक्ष्मदर्शकावर बसवलेलं गोल्डमनचं यंत्र. स्वित्झर्लंडच्या हान्स गोल्डमन यांनी १९५०च्या दशकात ते केलं आणि अजून जगभर मानक तेच आहे. बधिर करणारा थेंब टाकून, नारिंगी रंगाची पट्टी पापणीला लावून, निळ्या प्रकाशात कॉर्नियाला एक छोटं पारदर्शक टोक टेकवतात. ३.०६ मिलिमीटर व्यासाचा भाग सपाट झाला, की दिसणाऱ्या दोन हिरव्या अर्धवर्तुळांच्या आतल्या कडा एकमेकींना टेकतात. त्या क्षणी चकतीवरच्या आकड्याला दहाने गुणायचं. आकडा माणूस वाचतो, म्हणून चुकाही माणसाच्या: रंग जास्त झाला की अर्धवर्तुळं जाड दिसतात आणि दाब जास्त वाचला जातो, रंग वाळला की कमी. यंत्र महिन्यातून एकदा वजनाच्या दांडीने ०, २० आणि ६० या खुणांवर तपासायचं असतं. किती ठिकाणी ती दांडी खोक्यातून बाहेर निघते, हा प्रश्न विचारण्यासारखा आहे.

पावसात डोळे येण्याची साथ पसरते तेव्हा या टोकाकडे लक्ष ठेवा. स्पिरिटच्या बोळ्याने घाईघाईत पुसणं पुरेसं नाही. ब्लीचच्या सौम्य पाण्यात पाच मिनिटं बुडवून, स्वच्छ पाण्याने धुऊन, वाळवून मगच ते दुसऱ्या डोळ्याला लावायचं. धुणं राहिलं तर तेच ब्लीच कॉर्निया पोळतं. एकदा वापरून टाकायची टोकं मिळतात. आपला डोळा लाल असेल तर ती मागायला संकोच नको, किंवा त्या दिवशी प्रेशर पुढे ढकलायला सांगा.

याच्या जोडीला कॉर्नियाची जाडी एकदा मोजलीच पाहिजे. गोल्डमनचं गणित साधारण ५२० मायक्रॉनचा कॉर्निया धरून केलंय. पडदा जाड असेल तर तो सपाट करायला जास्त जोर लागतो आणि आकडा फुगतो, पातळ असेल तर आकडा फसवा कमी येतो. चष्मा घालवण्याची लेसर शस्त्रक्रिया झालेल्यांचा कॉर्निया तासून पातळ केलेला असतो. त्यांचं १४ हे १४ नसतं, आणि ही शस्त्रक्रिया झाल्याचं दहा वर्षांनी तपासणीच्या वेळी सांगायचं बहुतेकांना सुचत नाही. जाडीवरून आकडा 'दुरुस्त' करून देणारे तक्ते काही रिपोर्टांवर छापलेले दिसतात. त्यांच्यावर आमचा विश्वास नाही. पातळ, मध्यम की जाड, एवढं कळलं तरी धोक्याचा अंदाज बांधायला पुरतं.

कोन पाहणं ही सर्वांत दुर्लक्षित पायरी. अंधाऱ्या खोलीत आरशांची छोटी भिंग कॉर्नियावर टेकवून पाणी झिरपण्याचा कोन उघडा आहे की चिंचोळा, हे दोन मिनिटांत दिसतं. भारतीय डोळ्यांत चिंचोळ्या कोनाचा काचबिंदू काही दुर्मीळ नाही. कोन अचानक मिटला तर प्रेशर चाळीस-पन्नासच्या वर जातं, डोळा लाल होतो, दिव्याभोवती इंद्रधनुष्यासारखी वलयं दिसतात, डोकं फुटेल असं दुखतं आणि उलट्या होतात. उलट्यांमुळे माणसाला पोटाचा आजार समजून भलतीकडे नेलं जातं आणि तास निघून जातात. कोन चिंचोळा असताना सर्दीच्या काही गोळ्याही हा झटका आणू शकतात. आधी कळलं तर लेसरने रंगीत पडद्याला बारीक छिद्र पाडून धोका टाळता येतो. हवेच्या यंत्रावर १६ आलेल्याचा कोन उद्या मिटेल का, हे त्या यंत्राला कधीच सांगता येणार नाही. कोन न पाहता वर्षानुवर्षं थेंब चालू ठेवणारी फाईल आम्ही अपूर्ण समजतो, मग दवाखाना कितीही वातानुकूलित असो.

त्यानंतर बाहुली मोठी करून नसेची चकती प्रत्यक्ष पाहणं. चकतीच्या मध्ये वाटीसारखा खळगा असतो. त्याचं पूर्ण चकतीशी प्रमाण ०.३-०.४ असेल तर सहसा चिंता नसते. दोन डोळ्यांत ०.२ पेक्षा जास्त फरक, वरची किंवा खालची कड बारीक होणं, कडेवर ठिणगीएवढं रक्त, या खऱ्या खुणा. मोठ्या चकतीत जन्मतःच मोठी वाटी असू शकते. केवळ ०.६ लिहिलेलं पाहून थेंब सुरू झालेले काहीजण फुकट थेंब घालत असतात. दोन्ही चकत्यांचा रंगीत फोटो फाईलमध्ये असावा, कारण पाच वर्षांनी तुलना करायला '०.६' या आकड्याचा उपयोग नसतो. बाहुली मोठी केल्यावर चार ते सहा तास जवळचं धूसर दिसतं आणि गोव्याचं ऊन डोळ्यांत सुईसारखं घुसतं. स्कूटर घरी ठेवा. कदंब बसने या, किंवा सोबत कोणी आणा.

ओसीटी नावाची स्कॅन आता सगळ्यांना हवी असते, कारण तिचा रंगीत कागद मिळतो. नसेभोवतीच्या तंतूंच्या थराची जाडी ती मायक्रॉनमध्ये देते. निरोगी डोळ्यात सरासरी ९०-१००च्या आसपास. हिरवं म्हणजे बरं, लाल म्हणजे वाईट, असं लोक वाचतात. पण ती तुलना यंत्रात भरलेल्या निरोगी डोळ्यांच्या साठ्याशी असते. मोठ्या मायनस नंबरच्या डोळ्यात थर वेगळ्या जागी सरकलेला असतो आणि काचबिंदू नसताना कागद लाल येतो. कागदावर सिग्नलचा आकडा शोधा. दहापैकी सहाच्या खाली असेल तर स्कॅन पुन्हा काढायला हवी. डोळा कोरडा असेल किंवा मोतीबिंदू असेल तर सिग्नल पडतो, कोरड्या डोळ्याला काही वेळा नुसती पापणी मिटून उघडली तरी पुरतं. एका कंपनीच्या यंत्रावरचे ९२ आणि दुसऱ्या कंपनीच्या यंत्रावरचे ८५ यांची वजाबाकी करू नये. गोव्यातले लोक दुसऱ्या मतासाठी बेळगाव, हुबळी, मुंबई गाठतात आणि तिथे नवी स्कॅन होते. जुना कागद सोबत न्या, यंत्राचं नाव त्यावर असतं. थर पन्नास-पंचावन्नपर्यंत उतरला, की पुढे तो फारसा कमी होत नाही. मग ओसीटीवर पैसे घालण्यात अर्थ उरत नाही, लक्ष फील्डकडे, म्हणजे नजरेच्या परिघाच्या चाचणीकडे, द्यायचं.

आणि फील्ड हीच सर्वांत कंटाळवाणी, सर्वांत वाईट समजावलेली, तरीही सर्वांत मोलाची चाचणी. वाडग्यासारख्या पांढऱ्या यंत्रात एका डोळ्याने मधल्या दिव्याकडे पाहत राहायचं आणि बाजूला कुठे ठिणगी दिसली की बटण दाबायचं. नेहमीच्या प्रकारात ५४ जागा तपासतात, एका डोळ्याला चार ते सात मिनिटं लागतात. ती बिघडते ती सूचनेअभावी. यंत्र मुद्दाम ठिणगी मंद-मंद करत जातं, जोपर्यंत ती जेमतेम दिसेनाशी होते. म्हणजे निरोगी माणसालाही निम्म्या ठिणग्या दिसत नाहीत. हे कोणी सांगत नाही, माणूस घाबरतो आणि अंदाजाने बटण दाबत सुटतो. मग कागदावर खोट्या दाबण्यांचं प्रमाण पंधरा टक्क्यांच्या वर जातं आणि नकाशा खऱ्या स्थितीपेक्षा छान येतो. सूचना कोकणी-मराठीत, सावकाश आणि चाचणीच्या आधी द्यायला हव्यात. बटण दाबून धरलं तर चाचणी थांबते, श्वास घेता येतो, हेही सांगायला हवं.

बाकीच्या गोष्टी बारीक आहेत पण नकाशा बिघडवतात. जवळच्या नंबराची भिंग बसवली नाही तर सगळाच नकाशा काळवंडतो. भिंगेची कड आड आली तर भोवती काळं कडं उमटतं. वय झालेल्यांची वरची पापणी लोंबत असेल तर ती चिकटपट्टीने वर धरावी, नाहीतर वरची अर्धी नजर गेल्यासारखी दिसते. झाकलेला डोळा मिटला जाऊ नये. पहिली चाचणी शिकण्यात जाते, दुसरी बहुतेकदा सुधारते. पहिल्या फील्डवर घाबरून शस्त्रक्रियेची तारीख घेऊ नका, पण ती फेकूही नका. काचबिंदू नक्की झाला असेल तर पहिल्या दोन वर्षांत ही चाचणी अनेकदा करावी लागते, कारण नजर किती वेगाने उतरतेय हे दोन ठिपक्यांतून कळत नाही.

थेंबांबद्दल थोडक्यात, कारण दाब कमी करणं हा एकच उपाय सिद्ध झालेला आहे. स्वीडनमधल्या एका दीर्घ अभ्यासात दाब एका मिलिमीटरने उतरला की आजार पुढे सरकण्याचा धोका सुमारे दहा टक्क्यांनी घटला. रात्री एकदा घालायचं लॅटानोप्रोस्ट न उघडलेलं असताना २ ते ८ अंशांत ठेवायचं असतं. औषधाच्या दुकानात ते फ्रीजमधून काढून देतात की उघड्या फळीवरून, हे पाहा, आणि एप्रिल-मेत गाडीच्या डॅशबोर्डवर ठेवून घरी आणू नका. उघडल्यावर २५ अंशांपर्यंत चालतं असं लिहिलेलं असतं, पण गोव्यातली खोली वर्षातले कितीतरी दिवस त्याहून गरम असते. फ्रीजच्या दारात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. बाटलीवर उघडल्याची तारीख लिहा, चार आठवड्यांनी नवी घ्या. एका वेळी एकच थेंब, डोळ्यात त्याहून जास्त मावतही नाही. घातल्यावर डोळा मिटून नाकाजवळचा कोपरा बोटाने दोन-तीन मिनिटं दाबून धरा, म्हणजे औषध नाकातून रक्तात कमी जातं. टिमोलोल या दुसऱ्या थेंबाला हे फार लागू आहे. दमा असलेल्यांनी किंवा नाडी मंद असलेल्यांनी ते घेऊच नये, म्हणून दमा असल्याचं आधी सांगा. दोन औषधं असतील तर मध्ये पाच मिनिटं सोडा.

औषधाच्या दुकानातून चिठ्ठीशिवाय मिळणारे 'लाल डोळ्याचे थेंब' मात्र काचबिंदूचे थेट पुरवठादार आहेत. त्यातल्या अनेकांत डेक्सामेथासोन किंवा बीटामेथासोन हे स्टेरॉइड असतं. खाज दोन दिवसांत थांबते, म्हणून बाटली महिनोन्महिने चालते, विशेषतः उन्हाळ्यात डोळे चोळणाऱ्या मुलांमध्ये. काहींच्या डोळ्यांत काही आठवड्यांत जाळी तुंबते आणि दाब चढतो, दुखत काही नाही. मुलाच्या थेंबाच्या बाटलीवर ही नावं असतील आणि दोन आठवड्यांहून जास्त ते घातले गेले असतील, तर प्रेशर आणि नस दोन्ही तपासून घ्या.

पूर्ण तपासणी कुठे मिळेल, तर बांबोळीच्या गोवा मेडिकल कॉलेजात नेत्रविभाग आहे, शिवाय खासगी नेत्ररुग्णालयं शहरांत आहेत. एकच फाईल ठेवा, आणि तिच्यात वेळ लिहिलेलं प्रेशर, कॉर्नियाची जाडी, कोनाची नोंद, चकतीचा फोटो आणि फील्डचे सगळे कागद क्रमाने लावा. घरात एकाला काचबिंदू निघाला तर सख्ख्या भावंडांना आणि मुलांना धोका इतरांपेक्षा कितीतरी जास्त असतो. त्यांची तपासणी या फाईलमधल्याच सगळ्या पायऱ्यांनी व्हावी, चिठ्ठीने नाही. मुंबई-पुण्याला असलेली भावंडं चवथीला गावी येतात, पण त्या दिवसांत ओपीडी बंद असते आणि खासगी दवाखान्यांतही माणसं रजेवर. त्यांची नावं दोन-तीन आठवडे आधी नोंदवून, विसर्जनानंतरच्या पहिल्या कामकाजाच्या दिवसाची वेळ घेऊन ठेवा, आणि परतीचं तिकीट त्याच्या नंतरचं काढायला सांगा.